टाकीतली मंडळी

निवृत्त झाल्यावर हेडमास्तरांनी एक छोटासा निर्णय घेतला: रोज सकाळी कमोडमध्ये बाटलीभर फिनाइल ओतायचं. शाळेत दरडावायला पोरं होती, घरात उरले फक्त जंतू. मग त्यांनाच सरळ करायला घेतलं. (वडीलधाऱ्यांना हाताखाली कुणीतरी लागतंच. माणसं मिळाली नाहीत, तर ते जंतूंवर भागवतात.)

अंगणाखालच्या सेप्टिक टँकशी मात्र त्यांची ओळखच नव्हती. घर बांधताना भर उन्हात गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून ती टाकी बांधून घेतली होती बाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने. हे तेव्हा शाळेत स्वच्छतेवर भाषण ठोकत होते.

अशात बाईंच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, येऊ का गं राहायला?" बाईंचे डोळेच भरून आले. मागच्या खेपेला हेडमास्तरांनी तिच्या मुलांना दारातच अडवून त्यांच्या हातापायांवर जंतुनाशक शिंपडलं होतं आणि धाकटी आल्या पावली परत गेली होती. तेव्हापासून अबोला.

"या वेळी काही बिनसलं ना," बाईंनी जेवताना बजावलं, "तर बहीण कायमची तुटेल माझी."

हेडमास्तरांनी हे भलतंच मनावर घेतलं. फिनाइल दुप्पट केलं, वर ब्लीचिंग पावडर. वास आला, की अजून पावडर. शेवटी एके दिवशी कमोड गुळण्या करायला लागला आणि पाणी खाली जायचं सोडून वर येऊ लागलं.

"अगं, लवकर ये! हा उलट बोलतोय!"

बाईंनी कोपऱ्यातल्या रिकाम्या बाटल्यांचा ढीग पाहिला.

"कधीपासून चाललंय हे?"

"रिटायर झाल्यापासून! एक जंतू जिवंत ठेवला नाही मी."

"अहो, तेच तर घाण पचवतात! एवढी मंडळी आपल्यासाठी अंधारात राबत होती. रजा नाही, कुरकुर नाही. आणि तुम्ही त्यांना विष घातलंत?"

"पण पुस्तकात जंतू म्हणजे..."

"ते पुस्तक पोरांच्या गळ्यात मारून झालंय ना? आता गप्प बसा."

आणि इथे बाईंना मानलंच पाहिजे. दुसरी एखादी माहेरी निघून गेली असती. बाईंनी टाकी उपसणारी गाडी बोलावली, नाकाला फडकं बांधलं आणि झाकण उघडताच त्या स्वतः आत डोकावल्या.

"काकू, काहीच जिरलेलं नाही हो," गाडीवाला म्हणाला. "वर नुसती जाड साय धरलीये."

"उपसा. पण तळ खरवडू नका. थोडं राहू द्या, विरजणाला."

मग घरात नवा कायदा आला. फिनाइल बंद, पावडर बंद, पाणी बेतानं. हेडमास्तरांनी बाटली हातात घ्यायची नाही, औषधाचीसुद्धा नाही. बिचारे झाकणाशेजारी खुर्ची टाकून बसू लागले. बसता बसता त्यांना टाकीचं कौतुक वाटू लागलं. आयुष्यभर एवढा शिस्तीचा वर्ग त्यांना मिळाला नव्हता. अंगणातून कुणी धावलं, की ते ओठांवर बोट ठेवत. "हळू! आत काम चाललंय."

धाकटी आली. मुलं चपलांसकट थेट बाथरूमकडे पळाली. बाई स्वयंपाकघरात हातातला चमचा तसाच धरून उभ्या. फ्लशचा आवाज झाला. मग शांतता. मग पाणी सरसर खाली गेलं, एका दमात, कुठेही न अडता. बाई मटकन स्टुलावर बसल्या आणि हसायला लागल्या.

चहा घेताना धाकटी म्हणाली, "ताई, मी चांगली महिनाभर राहणार आहे हं. पण भावोजी त्या झाकणापाशी का बसलेत?"

"बसू दे गं. त्यांना वाटतं, ते उठले तर खालच्यांचं काम बंद पडेल. शाळेतही शेवटपर्यंत असंच वाटायचं त्यांना."