कैफियत इंद्रजित आवळे यांचे मनगटाची

॥ श्री ॥ गोलखांबांस नमन, पंचाच्या शिट्टीस नमन, समस्त पेठकरांच्या गळ्यास नमन करोन, शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी या राज्यात जे वर्तमान जाहले ते पाहिले तैसे लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही, लिहिले तर दक्षिणेकडील पेठ दात काढील. दोन गल्ल्या, एक तालीम, एक चहाची गाडी आणि फुटबॉलची फौज, एवढेच राज्य. परंतु ऐट विचाराल तर दिल्लीचे तख्त फिके पडावे. अधिपती श्रीमंत रंगराव सरनोबत, तालमीचे अध्यक्ष, मिशी थोर आणि आवाज त्याहून थोर. त्यांचे फौजेत आघाडीस इंद्रजित आवळे म्हणोन जवान होता, पेठ त्यास लाडाने इंदऱ्या म्हणे, आणि तो चेंडू घेऊन निघाला म्हणजे शत्रूचे गडी नुसते बघत राहात. त्याचे वडील भैरू आवळे हलगी वाजवीत, आणि तैसा हात अवघ्या मुलुखात नव्हता. सामना असेल तेव्हां मैदानाचे कडेस उभे राहोन हलगी वाजवावी ही त्यांची पिढीजात चाकरी. लग्नकार्यात, जत्रेत बापलेक जोडीने वाजवीत. बाप हलगीवर सवाल टाकी, आणि लेक उजव्या मनगटाच्या झटक्यासरशी जवाब देई, आणि म्हातारा खूष होवोन मान डोलवी. पोर फौजेत भरती जाहले त्याच दिवशी भैरूंनी सर्वांदेखत सांगितले की, "पाय पेठंचा, हात माझा. माझ्यामागं हलगी त्येनंच धरायची हाय." पेठ हसली आणि हो म्हणाली. हो म्हणायास कोणाच्या बापाचे काय जाते?

मग आश्विन मासी सरावाचे खेळात इंद्रजित घसरोन पडला आणि उजवे मनगट मोडले. इस्पितळात नेले. डॉक्टर मुजुमदारबाई, हाडांच्या कामात निष्णात, बोलण्यात फटकळ, त्यांणी शस्त्रक्रिया करोन आत पोलादी पट्टी बसविली, स्क्रू पिळले, आणि ताकीद दिली की पौष उलटेतो मैदानाकडे फिरकावयाचे नाही, हाड कच्चे आहे, पुन्हा त्याच हातावर पडलात तर मी काही करू शकणार नाही. भैरूंनी ते वाक्य मनात धरोन ठेविले आणि घरी पोरास पाण्याचा तांब्यादेखील उचलू देईनात. परंतु हंगामाची सलामी मार्गशीर्षात, आणि तीही दक्षिणेकडील पेठेशी! राज्यात हाहाकार उडाला. श्रीमंतांनी तालमीत सभा भरविली आणि भैरूंस बोलाविणे पाठविले. आजवर भैरू तालमीच्या पायरीवर उभे राहोन बोलत. त्या दिवशी त्यांस आत घेतले, खुर्ची दिली, आणि कपबशीत चहा दिला. मग श्रीमंत म्हणाले, "भैरू, फुटबॉल हाय ह्यो, पायाचा खेळ. हाताचं काय काम त्यात? उलट हात लावला तर पंच शिट्टी मारतोय!" सारे खो खो हसले. भैरू म्हणाले, "आण्णा, पडला तर हातावरच पडंल न्हवं?" तों कोणी म्हणाले, "पडतोय कशाला? वाघ हाय त्यो!" आणि मग इंद्रजित आपणच उठोन म्हणाला, "आबा, मी ऱ्हायलो तर माझ्या जागी दुसरा बसंल. एकदा जागा गेली की गेली." भैरूंनी खुर्चीकडे पाहिले, कपबशीकडे पाहिले, पोराकडे पाहिले, आणि मान खाली घातली. मान खाली घालणे म्हणजे रुकार, ऐसे सभेने ठरविले. काय म्हणावे या सभेस! कपाळ म्हणावे. दुसरे दिवशी इंद्रजित मनगटास मऊ पट्ट्या गुंडाळोन सरावास उतरला, आणि पेठेत जो तो दुसऱ्यास टाळी देवोन म्हणू लागला, "इतक्यात परत आला बघ! नाद खुळा!"

मार्गशीर्षात सामना उभा राहिला. दोन्ही राज्यांची माणसे मुंग्यांसारखी लोटली, पंचांनी पट्ट्या चाचपोन पाहिल्या आणि खेळास सोडिले. भैरू कडेस उभे, गळ्यात हलगी. परंतु त्या दिवशी वाजवीत ते अगदी सावकाश, वरातीच्या चालीने. कारण त्यांसच ठाऊक की हलगी कडाडली म्हणजे पोराचे भान सुटते, अंगाची शुद्ध राहात नाही, मग हात कोठला आणि पाय कोठला. पोराने जपोन खेळावे म्हणोन बापाने हात आवरिला होता. मग पूर्वार्धात शत्रूने एक गोल चढविला, आणि आमचे लोक चवताळले, आणि भैरूंवर ओरडू लागले की, "भैरू, तुझाबी हात मोडला का काय रं?" म्हाताऱ्याने ऐकोन घेतले. मध्यंतरात इंद्रजित घामाने निथळत कडेस आला आणि म्हणाला, "आबा, पाय उचलंनात बघा. वाजवा की जरा."

"हाताची आठवण ऱ्हावी म्हणून वाजवत न्हाई लेका."

"हात माझाच हाय न्हवं? हारलो तर पेठ मला उभं करून घेणार न्हाई. वाजवा, आबा. पाया पडतो."

आता पोटचे पोर भर मैदानात ऐसे बोलले, तर बापाने काय करावे? दगडालाही पाझर फुटता. भैरूंनी डोळे मिटले आणि हलगी कडाडली. आणि मग जे जाहले ते लिहिताना अंगावर काटा येतो. इंद्रजित वाऱ्यासारखा सुटला, दोघांतून काढोन पहिला गोल केला आणि बरोबरी जाहली, आणि मैदान उसळले, आणि हलगी आणखी चढली, आणि सामना संपता संपता डावीकडून चेंडू उंच आला, आणि इंद्रजितने झेप घेवोन डोक्याने जाळ्यात घातला, आणि खाली आला तो सारा भार उजव्या हातावर. जाळे हालले ते हजारांनी पाहिले. हात कसा पडला ते एकट्या बापाने पाहिले, आणि हलगी तेथेच थांबली. ती थांबली हे गलक्यात कोणास कळले नाही. लोकांनी इंद्रजितास खांद्यावर घेतले, तो "हात, हात" म्हणोन ओरडत होता, आणि लोकांस वाटले, हर्षाने ओरडतो आहे.

मग इस्पितळ. पट्टी वाकली होती, हाड पुन्हा तुटले होते, आणि बोटांकडे जाणारी नस चिरडली होती. बाईंनी दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया केली आणि बाहेर येवोन सांगितले की हाड भरोन येईल, बोटांचे मात्र सांगवत नाही. भैरू म्हणाले, "बाई, माझ्या हातानं झालं हे." बाई फटकळ खऱ्या, परंतु त्या दिवशी जवळ बसल्या आणि म्हणाल्या, "असं नका म्हणू, आजोबा. हाड कच्चं होतं." भैरू म्हणाले, "कच्चं हुतं ते मला ठाव हुतं की, बाई. तुमी सांगितलं हुतं." त्याच वेळी खालच्या रस्त्याने राज्याची विजयाची मिरवणूक चालली होती. हलगीवाला इस्पितळात, म्हणोन श्रीमंतांनी डॉल्बी आणविला होता, आणि खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या, आणि पेठ बेभान नाचत होती. हलगी नाही याचे उणे कोणास वाटले नाही.

एकंदर मतलब हा की राज्याचा जय जाहला, चषक तालमीच्या कपाटात आहे, आणि फाल्गुनात इंद्रजित पुन्हा फौजेत रुजू जाहला, कारण पाय शाबूत आहेत आणि गोल तो अजोनही करितो. उजव्या हाताची बोटे मात्र पुन्हा मिटली नाहीत. सामन्यापूर्वी भैरू आवळे सर्वांदेखत मैदानाचे कडेस गुडघे टेकितात आणि पोराच्या बुटांची नाडी बांधितात, आणि इंद्रजित तोवर दुसरीकडे पाहतो. परवाचे सामन्यात तो खाली न बघताच म्हणाला, "आबा, जरा घट्ट." भैरूंनी गाठ सोडिली आणि पुन्हा बांधिली.