अकरावी मावशी

आत्याच्या डोक्यात साडेसहाशे टेलिफोन नंबर होते. त्यातले निम्मे लोक आता हयात नव्हते, पण नंबर शाबूत होते. "कुठलाही विचारा," असं ती घरी येणाऱ्याला म्हणायची आणि त्यानं विचारायच्या आत सांगायलाही लागायची: गिरणीमालकाचा, दातांच्या डॉक्टरांचा, आणि दातांच्या डॉक्टरांचा तो दुसरा, जो त्यांच्या बायकोला ठाऊक नव्हता.

तेव्हा फोन असा आपोआप लागत नसे. रिसीव्हर उचलला की आधी एक बाई "नंबर सांगा" म्हणायची. मग ती दोरीचं एक टोक इथल्या भोकात आणि दुसरं तिथल्या भोकात खुपसून दोन माणसं जोडून द्यायची. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या सात नंबरच्या बोर्डावरची ती बाई म्हणजे आत्या. चौतीस वर्षं.

आणि अशा बाईसाठी तिच्या सख्ख्या भाच्यानं सोमवारी अकराची, स्मरणशक्तीच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती!

झालं होतं इतकंच की एकदा दूध गॅसवर राहिलं आणि एकदा घराची चावी फ्रिजमध्ये सापडली.

"चावीच ती. थंड झाली म्हणून नासते का?" आत्या म्हणाली.

"आत्या, काळजी वाटते म्हणून बोलतो. डॉक्टरांनी सांगितलं तर आमच्याकडे ये राहायला. मागची खोली रिकामीच आहे."

भाचेसुनेनं मागच्या खोलीच्या खिडकीचं माप घेऊन पडदेही शिवायला टाकले होते. ती खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडत होती. आत्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून चौक दिसायचा, बेकरी दिसायची, आणि कोण कोणाबरोबर कुठे चाललंय तेही दिसायचं. दोन टोकं जोडायची सवय एकदा हाताला लागली की सुटत नाही. भिंत बघून माणसानं काय जोडायचं?

अशा वेळी सिनेमावाले आले.

बेचाळीस वर्षांपूर्वी सकाळी दहाच्या सुमाराला तीन बंदूकवाले एक्स्चेंजमध्ये घुसले होते. तुरुंगातला आपला साथीदार सोडा म्हणून त्यांनी बोर्डाच्या खोलीतल्या सगळ्यांना ओलीस धरलं. दुपारी चारला लष्कराच्या तुकडीनं दिवे घालवले, धूर सोडला आणि सात मिनिटांत सगळ्यांना सुखरूप बाहेर काढलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. आता त्यावर सिनेमा निघणार होता. दिग्दर्शक वयानं पोरगेला होता, पण दाढी भारदस्त होती.

"आजी, त्या खोलीत जे होते त्यांच्यातल्या आता तुम्हीच..."

"उरलेय. बोला की, लाजताय काय? आणि आजी नका म्हणू, आत्या म्हणा. आजी व्हायला आधी जे काही करावं लागतं ते राहून गेलं."

मग आत्या सुरू झाली. तिला सगळं आठवत होतं. बंदूकवाल्यांपैकी धाकट्याला आपल्या आईला फोन लावून हवा होता. आत्यानं तीनदा लावला आणि तीनदा एंगेज लागला. "तुमची आई बोलते फार," असं ती त्याला म्हणाली होती, आणि तो बंदूक मांडीवर ठेवून म्हणाला होता, "हो ना." दिग्दर्शक भराभरा लिहून घेत होता.

"म्हणजे तुम्ही अकरा जण सहा तास..."

"दहा."

"अकरा, आत्या. लष्कराच्या अहवालात आहे."

"आठ मुली, आमच्या सुपरवायझर मोठ्या बाई, आणि एक लाइनमन, जो आदल्या दिवशी यायचा तो त्या दिवशी आला. झाले दहा. हवं तर कोण कुठे बसलं होतं ते सांगते. एक नंबरला सर्दी झाली होती, दोन नंबरचं लग्न ठरलं होतं..."

दिग्दर्शकानं पिशवीतून एक पिवळट कागद काढला आणि मोठ्यानं वाचला. "'अकरावी ओलीस. वयस्कर महिला. अंगात तपकिरी कोट. धक्क्यामुळे बोलण्याच्या स्थितीत नव्हती. जवानाने खांद्यावरून बाहेर आणली. नंतर घरी गेली.' आत्या, या मावशीवर तर माझा अख्खा सिनेमा उभा आहे! एकही शब्द न बोलणारी, कुणालाच नाव ठाऊक नसलेली बाई. कोण होती ती? कुठून आली, कुठे गेली?"

"ती नव्हतीच."

"धक्क्यामुळे माणूस विसरतं कधी कधी," तो मायेनं म्हणाला.

भाचा तिथेच चहा पीत बसला होता. त्यानं कप खाली ठेवला. तो कप ठेवण्याचा आवाज आत्याला बरोबर कळला.

त्या रात्री तिला झोप लागेना. सर्दीवाली, लग्नवाली, कविता करणारी, घड्याळ पुढे लावून ठेवणारी... पुन्हा पुन्हा मोजलं तरी दहाच. पण लष्कर कशाला खोटं लिहील? कोपऱ्यात कुणी बसलेलं होतं का? फोनचं बिल भरायला आलेली एखादी बाई? आत्याला पहिल्यांदाच आपल्या डोक्याची शंका आली, आणि शंकेपेक्षा जास्त उत्सुकता. असलीच ती, तर होती तरी कोण?

दोन दिवसांनी दारात एक उंच, सडपातळ, प्रसिद्ध बाई उभी राहिली. मावशीचं काम करणारी अभिनेत्री. सिनेमावाले तिला बाईसाहेब म्हणत. ती काहीच बोलली नाही. सोबत आलेली मदतनीस म्हणाली, "बाईसाहेबांनी भूमिकेसाठी मौन धरलंय. तीन आठवडे झाले. त्यांना फक्त तुमच्याजवळ बसायचंय."

बाईसाहेब दोन तास बसल्या. हलल्या नाहीत, चहा घेतला नाही, माशी बसली ती उडवली नाही. भाचेसून डबा घेऊन आली, ती आपली ओली छत्री बाईसाहेबांच्या मनगटाला अडकवून आत गेली.

संध्याकाळी भाचा म्हणाला, "आत्या, अहवालाची एक प्रत मी डॉक्टरांकडे पाठवलीय. म्हटलं, त्यांनी आधीच वाचलेलं बरं."

"माझ्याविरुद्ध पुरावा?"

"तसं नाही गं. पण एक अख्खी बाई विसरायची म्हणजे..."

"ऐक," आत्या म्हणाली. "शनिवारी सुटकेचं शूटिंग आहे. मला बोलावलंय. तूही चल. दहा होते असं ठरलं तर सोमवार रद्द. अकरा निघाले तर लाव तुझे पडदे."

"नसलेली बाई नव्हती, हे तू सिद्ध कसं करणार?"

ते आत्यालाही ठाऊक नव्हतं.

सेट मात्र हुबेहूब होता. आठ बोर्ड, आठ उंच स्टुलं, लाल-हिरव्या दोऱ्या, भिंतीवर गोल घड्याळ. सात नंबरच्या स्टुलावर बसलेल्या मुलीची दोरी धरायची पद्धत चुकत होती, ती आत्यानं जाता जाता सुधारली. खोलीला तो वास नव्हता, तापलेल्या तारांचा आणि आठ मुलींच्या आठ पावडरींचा, पण तो कुठून आणणार? मग ती दाराशी थबकली.

"इथलं काहीतरी गेलंय."

"काय?" दिग्दर्शक.

"कोटाचा स्टँड. माणसाएवढा उंच, लाकडी, दाराच्या उजवीकडे. त्यावर मोठ्या बाईंचा तपकिरी ओव्हरकोट, आणि कोटावर त्यांची टोपी. तो कोट त्याच दिवशी हरवला. महिनाभर मोठ्या बाई आमच्याकडे संशयानं बघत होत्या. स्टँड तेवढा मागच्या कुंपणाशी सापडला. तिथे कसा गेला, देव जाणे."

"हे अहवालात नाही."

"अहवाल लिहिणारा तिथे नोकरीला नव्हता."

स्टँड आला. बाईसाहेबांच्या अंगातल्या कोटाचा जोड मिळाला, तो त्यावर चढला, वर टोपी बसली. तेवढ्यात सिनेमाचा लष्करी सल्लागार आला. खांद्यावरून मावशीला बाहेर काढणारा जवान तो हाच. तेव्हा बावीसचा होता, आता चौसष्टचा. सगळे त्याला फौजी म्हणत. तो ऐटीत आत आला, स्टँडसमोर थांबला आणि त्याची ऐट उतरली.

"हा इथे कुणी ठेवायला सांगितला?"

"मी," आत्या म्हणाली. "का हो?"

"सहज," तो म्हणाला आणि त्यानं पाणी मागितलं.

आत्यानं त्याच्या तोंडाकडे बघितलं. लाइनवर कुणी चोरून ऐकत असलं की श्वास जसा अडखळतो तसा तो पाणी पिता पिता अडखळत होता. तिच्या डोक्यात दोरीचं एक टोक बसलं. दुसरं कुठे बसायचं ते कळेना.

"सगळे जागेवर!" दिग्दर्शक ओरडला. बाईसाहेब दाराशी खुर्चीत बसल्या, स्टँडपासून हातभर अंतरावर, तीन आठवड्यांचं सगळं मौन एकवटून. दिवे गेले. धूर सुटला. दार कोसळलं, बूट धावले, मुली किंचाळल्या. जवानाचं काम करणारा नट अंधारात चाचपडत आला. "मावशी, घाबरू नका, मी आलोय!" त्यानं मावशीला मिठीत घेतलं, खांद्यावर टाकलं आणि धावत सुटला. बाहेर अँब्युलन्सपर्यंत कॅमेरा त्याच्या मागे पळाला.

"कट! अप्रतिम!" दिग्दर्शकाचे डोळे भरून आले.

दिवे लागले. बाईसाहेब खुर्चीतच होत्या.

"मला कुणी नेलंच नाही," त्या म्हणाल्या. तीन आठवड्यांतलं पहिलं वाक्य.

बाहेर नट अँब्युलन्सपाशी उभा होता आणि खांद्यावरचा कोटाचा स्टँड अलगद, पाठीला धक्का न लागू देता, स्ट्रेचरवर ठेवत होता. हसण्याचा असा काही लोट उठला की कॅमेरावाला खाली बसला. भाचाही हसला. हसला नाही फक्त फौजी. तो सात नंबरच्या स्टुलावर जाऊन बसला आणि दोन्ही हातांनी त्यानं डोकं धरलं.

दुसरं टोक बसलं. आत्या त्याच्याजवळ गेली.

"तुम्हीही हेच केलं होतंत," ती हळूच म्हणाली. प्रश्न नव्हताच तो.

फौजीनं मान वर केली. "बाई, माझी ती पहिलीच कामगिरी होती. आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नव्हतं. हाताला कोट लागला, वर टोपी. म्हटलं, मावशी, चला. बोलेनात. म्हटलं, घाबरल्या. उचललं तर नुसती हाडं. म्हटलं, बिचारीच्या अंगावर मांस नाही."

"मग?"

"दाराशी आमचे साहेब पेन्सिल घेऊन डोकी मोजत होते. मी पुढून पळालो, ते म्हणाले, अकरा. कुंपणाजवळ जाऊन खाली ठेवलं, तेव्हा बघितलं. साहेबांनी विचारलं, मावशी कशा आहेत? म्हटलं, बोलत नाहीत. कुठे आहेत? म्हटलं, घरी गेल्या. त्यांनी लिहून घेतलं. पुढच्या महिन्यात मला पदक दिलं. मग कुठल्या तोंडानं सांगणार? बेचाळीस वर्षं दर साली त्या तारखेला मला लोक विचारतात, मावशी पुन्हा कधी भेटल्या का?"

"आणि कोट?"

"देवाशपथ, कोट मी नाही घेतला."

आत्या सावकाश वळली. भाचा मागेच उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"किती?" आत्यानं विचारलं.

"दहा," भाचा म्हणाला. त्यानं खिशातून फोन काढला आणि डॉक्टरांचा नंबर शोधायला लागला. आत्यानं तो तोंडपाठ सांगितला. सोमवार रद्द झाला.

दिग्दर्शक जमिनीवरच बसला होता. "माझा अख्खा सिनेमा," तो म्हणत होता, "कोटाच्या स्टँडवर..."

"आणि मी तीन आठवडे कशाचा अभ्यास केला?" बाईसाहेबांनी विचारलं. आता त्यांचं बोलणं थांबत नव्हतं. "लाकडाचा?"

"पण केलात मात्र उत्तम," आत्या म्हणाली. "त्या नटाला फरक कळला नाही."

फौजीला तिनं स्वतः चहा नेऊन दिला. "मन मोकळं झालं ना? मग झालं तर," ती म्हणाली. "पदक राहू द्या. उचलून तर आणलंत ना? आत खरंच मावशी असती तर तिलाही आणलं असतंत." त्यावर तो म्हातारा पहिल्यांदा हसला.

घरी येताना गाडीत आत्या गप्प बसेना. सर्दीवाली कशी शिंकायची, लग्नवाली त्या धुरातही होणाऱ्या नवऱ्याला फोन लावून द्या म्हणत कशी रडली. भाचा हसत हसत ऐकत होता. "चुकलो आत्या," तो म्हणाला. "तुझं डोकं म्हणजे अजून एक्स्चेंज आहे." आत्या ऐसपैस बसली. बाहेर गार वारं होतं, पण तिला छान ऊब वाटत होती.

तिसऱ्या मजल्यावर जिन्यातला दिवा लागला आणि भाचा तिच्याकडे बघतच राहिला.

"आत्या, सकाळी तू राखाडी कोट घालून निघालीस ना?"

"मग?"

त्यानं तिच्या कॉलरला मागे टाचलेली चिठ्ठी उलटी करून दाखवली. 'मावशी. सीन ४२. हलवू नये.'

तेवढ्यात आत टेलिफोन वाजायला लागला. आत्यानं पर्समध्ये चावी शोधली, मिळाली नाही. राखाडी कोटाच्या खिशात असणार. भाच्यानं आपल्याकडच्या चावीनं दार उघडून फोन घेतला. दिग्दर्शक इतका ओरडत होता की दारातही ऐकू येत होतं. मावशीचा कोट पुन्हा गेला होता! स्टँड जागेवर होता आणि कोट नव्हता.

भाच्यानं रिसीव्हरवर हात ठेवला. त्यानं आत्याकडे बघितलं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे, सोमवारच्या चौकटीकडे.

आत्यानं तो तपकिरी कोट अंगाभोवती जरा आवळून घेतला.

"विसरून नाही रे," ती म्हणाली. "आठवण म्हणून आणला."