शनीची आयाळ

तर बाळांनो, चुळबुळ करू नका, नीट बसा. एका जंगलात दाजी नावाचं एक साळिंदर राहत होतं.

बाकीची जनावरं खाली बघून चालत, कारण खायचं सगळं खालीच असतं. दाजींची मान मात्र सदा वर. शनीभोवती कडी आहेत, असं त्यांनी लहानपणी ऐकलं होतं. ती कडी आपण स्वतः केलेल्या दुर्बिणीतून बघायची, हे खूळ तेव्हा डोक्यात शिरलं ते निघालंच नाही.

दुर्बिणीला आरसा लागतो. दाजी काचेची एक जाड तबकडी खाली ठेवत, तिच्यावर ओली रेती टाकत आणि वरून दुसरी तबकडी घासत. वर्षानुवर्षं हेच.

"भांडी घासायला सांगितली की खांदा दुखतो तुमचा," बायको म्हणे. "आता कसा दुखत नाही हो?"

आरसा मनासारखा झाला तोवर दाजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. वैद्य अस्वल म्हणालं, "दाजी, काय बघायचंय ते लवकर बघून घ्या."

त्याच संध्याकाळी दाजींनी माळावर दुर्बीण लावली. शनी समोरच होता. ते वाकणार, एवढ्यात महाराजांचा चिटणीस कोल्हा धापा टाकत आला.

"अहो, उद्घाटनाआधी बघता? पहिला मान महाराजांचा!"

दाजी पडले भिडस्त. थांबले. महाराजांना तारीख मिळेना. आज माकडांचा मेळावा, उद्या पाणवठ्याचं भूमिपूजन. दाजी रोज दुर्बिणीवरची धूळ पुसत आणि त्यांच्या डोळ्यांतलं धुकं दाट होत जाई. या कोल्ह्याचा मला भारी संताप येतो, पण गोष्ट पुढं न्यायला हवी.

अखेर मुहूर्त निघाला. मांडव पडला, कर्णे लागले. प्रजेला तारे नीट दिसावेत म्हणून कोल्ह्यानं दुर्बिणीशेजारी एक उंच, लखलखीत दिवा उभारला. दाजींना शाल घातली, ती काट्यांत अडकून फाटली. टाळ्या झाल्या.

मग सिंहमहाराज उठले. बघायचं असतं नळीच्या बाजूच्या छोट्या भिंगातून. महाराजांनी थेट नळीच्या तोंडात डोकं घातलं. तळाशी आरसा, वरून लख्ख उजेड. आत एक भलंमोठं, केसाळ तोंड दिसलं.

"वा!" महाराज म्हणाले. "शनीला आयाळ आहे!"

"आहेच मुळी," कोल्हा म्हणाला. मग सशालाही आयाळ दिसली, हरणालाही दिसली. न दिसून सांगतात कुणाला?

सर्वांत शेवटी दाजींचा नंबर लागला. त्यांनी बाजूच्या भिंगाला डोळा लावला. नुसतं पांढरं. हे पांढरं दिव्याचं की डोळ्याचं, त्यांना कळेना. शनी मावळतीला टेकला होता.

"चिटणीससाहेब," ते हात जोडून म्हणाले, "तेवढा दिवा घटकाभर मालवता का?"

"दाजी, काय बोलता!" कोल्हा म्हणाला. "दिवा मालवला तर तुमचा सत्कार कुणाला दिसणार?"

दाजी वाकलेलेच राहिले. लोकांना वाटलं, म्हातारा आनंदानं रडतोय. पुन्हा टाळ्या झाल्या.

तात्पर्य: मुलांनो, एखादा तरी छंद आयुष्यभर मन लावून जोपासावा. त्यामुळे मोठ्या माणसांना आपलं तोंड बघायची उत्तम सोय होते. आकाशाचं काय, ते कुठं पळून जातंय!