फॉल्टधारक

मंगळवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी आमच्या गल्लीतली वीज गेली. वीज जाणं ही काही नोंद घेण्यासारखी गोष्ट नाही. पण मी गल्ली समितीचा चिटणीस असल्यामुळे ती मी घेतली. दुपारी वीज मंडळाची निळी गाडी आली. गाडीतून आधी एक जाडजूड यंत्र उतरलं आणि मग ते यंत्र चालवणारा, पन्नाशीचा, कानांवर मोठे हेडफोन चढवलेला एक माणूस. मंडळात त्याला ‘कानवाला’ म्हणतात असं त्याच्या ड्रायव्हरने सांगितलं. गेली सव्वीस वर्षं तो जमिनीखालच्या केबलचे बिघाड ऐकून शोधत होता.

त्याची पद्धत सरळ होती. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या वीजपेटीतून तो यंत्राने केबलमध्ये विजेचा एकेक ठोका सोडायचा. केबल जिथे फाटली असेल तिथे तो ठोका बाहेर पडतो आणि जमिनीच्या पोटात ‘धप्प’ असा आवाज होतो. हा माणूस हातातलं वाटीसारखं उपकरण फुटपाथवर टेकवत चालायचा आणि धप्प कुठे सगळ्यात मोठा येतो ते ऐकायचा. गल्लीत वीज नसल्यामुळे कोणालाच काही काम नव्हतं. चाळीस घरांतली माणसं त्याच्या मागून चालू लागली.

यंत्राने अंतर दाखवलं, दोनशे बारा मीटर. तिथे कानवाला थांबला, वाकला, उपकरण टेकवलं आणि त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. “या, ऐका,” तो म्हणाला. त्याने हेडफोन काढून आम्हाला दिले. मग काय, रांगच लागली. बायका, पोरं, माणसं, एकेकाने ऐकलं. मीही ऐकलं. जमिनीखाली कोणीतरी उशीवर बुक्की मारावी तसा आवाज होता. “काय स्पष्ट आहे हो!” असं मी सर्वांसमक्ष म्हणालो. हे वाक्य माझ्या तोंडून निघायला नको होतं, हे मला दोन मिनिटांनी कळलं.

कारण आम्ही उभे होतो ती जागा घर क्रमांक नऊच्या मोटारशेडमध्ये होती. घर क्रमांक नऊ माजीसाहेबांचं. ते कुठल्याशा खात्याचे माजी संचालक आहेत. त्यांच्या पाटीवर ‘माजी’ हा शब्द आडनावापेक्षा मोठा आहे, म्हणून गल्ली त्यांना माजीसाहेब म्हणते. शेड फुटपाथवर आहे. फुटपाथवर शेड बांधायला समितीची काही हरकत नाही, असं पत्र मागच्या वर्षी समितीने दिलं होतं. अक्षर माझं होतं.

कानवाल्याने शेडच्या दुसऱ्या लोखंडी खांबावर हात ठेवला. “हा खांब रोवताना केबलला लागलं असणार. पाणी शिरलं आणि आता फुटली. फरशीचे चार तुकडे काढले की दोन तासांत काम होईल.”

फरशी काळ्या ग्रॅनाइटची होती. माजीसाहेब ती रोज स्वतः पुसायचे.

“पुन्हा मोजा,” माजीसाहेब म्हणाले.

कानवाल्याने गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पुन्हा मोजलं. तिकडून एकशे अठ्ठ्याऐंशी मीटर आलं. केबलची एकूण लांबी चारशे मीटर. दोन्ही आकड्यांची बेरीज एवढी चोख होती की तिच्यात समजूतदारपणाला कुठे जागाच उरली नव्हती.

“थोडं इकडेतिकडे होतच असेल ना?” माजीसाहेबांनी विचारलं.

“होतं की. अर्धा मीटर.”

“मग तो अर्धा मीटर शेडच्या बाहेरच्या बाजूला धरा.”

“साहेब, शेड पाच मीटरची आहे.”

यावर माजीसाहेबांनी खिशातून फोन काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपअभियंता स्वतः आले. तरुण, शांत, बोटांत पेन असलेला माणूस. त्यांनी जागेकडे न बघता आधी परिपत्रक काढलं. ज्या नागरिकाच्या दाराशी खोदायचं आहे त्याचं ‘फॉल्ट-स्थळ स्वीकृती पत्र’ घेतल्याशिवाय खोदकाम करता येत नाही, असा नियम निघाला. माजीसाहेब स्वीकृती देत नव्हते. म्हणजे फॉल्ट तिथे स्वीकारता येत नव्हता.

“पण आहे तो तिथेच,” कानवाला म्हणाला.

“असेल,” उपअभियंता म्हणाले. “पण तो तुमचा तांत्रिक अभिप्राय झाला. जिथे स्वीकृती मिळेल ते अधिकृत स्थळ. गल्लीने एकमताने जागा सुचवावी.”

सभा माजीसाहेबांच्या व्हरांड्यात झाली, कारण तिथे त्यांच्या जनरेटरवर पंखा चालू होता. पंख्याखाली बसल्यावर माणसाची मतं मऊ होतात. फॉल्ट लवकर सापडला पाहिजे यावर सर्वांचं एकमत होतं. तो आपल्या दाराशी सापडू नये यावरही होतं. एकाच्या दाराशी गुलाब होते, एकाची भिंत नुकतीच रंगवली होती, एकाच्या वडिलांना धुळीने खोकला यायचा. माझ्या दाराशी जागा रिकामीच होती. पण चिटणिसाच्या दाराशी फॉल्ट निघाला तर समितीच्या निःपक्षपातीपणावर शंका येईल, हे मी नम्रपणे सभेच्या नजरेला आणून दिलं.

तेवढ्यात शिलाईवाल्या मावशी आल्या. त्या एकतीस नंबरमध्ये एकट्या राहतात आणि विजेच्या मशीनवर शाळेचे गणवेश शिवतात. शाळा आठवड्यावर आली होती आणि बासष्ट गणवेश कापून पडले होते. त्यातले दोन माझ्या मुलींचे.

“काय ठरलं?” त्यांनी विचारलं.

“जागा मिळत नाहीये,” मी म्हणालो.

“कसली जागा?”

“खोदायला.”

“मग माझ्या दारात खोदा! आत्ता खोदा! कुठेही खोदा, पण वीज आणा एकदाची.”

सभेत टाळ्या पडल्या. मावशींच्या समाजभावनेचं कौतुक करणारा ठराव माजीसाहेबांनी मांडला. उपअभियंत्यांनी लगेच पत्र पुढे केलं. मावशींनी उभ्या उभ्याच सही केली आणि फॉल्ट सर्वानुमते दोनशे बारा मीटरवरून तीनशे अठ्ठेचाळीस मीटरवर गेला.

“तिथे काही नाही,” कानवाला हेडफोन हातात घट्ट धरून म्हणाला. “तिथली केबल ठणठणीत आहे. मावशी, सही परत घ्या.”

“असू दे भाऊ,” मावशी म्हणाल्या. “हे एवढे शिकलेले लोक सांगतायत, तर काहीतरी असेलच की.”

ठेकेदाराचे मजूर आले. त्यांना फॉल्ट कुठे आहे हे माहीत होतं, कारण ते कागदावर लिहिलेलं होतं. त्यामुळे त्यांनी बेधडक पहार घातली. तिसऱ्या घावाला पहार केबलमधून आरपार गेली. केबल मुळात बंदच असल्यामुळे ठिणगीसुद्धा उडाली नाही.

“सापडला!” उपअभियंता आनंदाने ओरडले. फोटो निघाले. मावशींना खड्ड्याशेजारी उभं केलं होतं. फोटोत त्या हसताना दिसतात.

“साहेब, हा आत्ता झाला,” कानवाला म्हणाला. “तुमच्यासमोर झाला.”

“फॉल्ट कधी झाला असा रकाना अहवालात नाही,” उपअभियंता समजावणीच्या सुरात म्हणाले. “कुठे सापडला एवढाच आहे. आणि तो ठरावात म्हटल्याप्रमाणे तंतोतंत सापडला. अशी अचूकता मी नोकरीत पहिल्यांदा बघतोय.”

संध्याकाळपर्यंत केबल जोडून झाली. तक्रार ‘निराकरण झाले’ म्हणून बंद झाली. मग वीज सोडली. वीजपेटीत फाटकन आवाज झाला आणि सगळं पुन्हा बंद पडलं. कानवाल्याने पुन्हा यंत्र लावलं. दोनशे बारा.

नवी तक्रार करायला मी फोन केला. पलीकडच्या बाईंनी आमच्या गल्लीची नोंद पाहिली. “तुमची वीज आलेली आहे,” त्या म्हणाल्या.

“आलेली नाही हो.”

“नोंदीप्रमाणे आलेली आहे. वीज असलेल्या भागातून वीज नसल्याची तक्रार घेता येत नाही.”

शेवटी माजीसाहेबांनीच मार्ग काढला. शेजारच्या गल्लीतून तात्पुरती तार वरून ओढून घ्यायची. तारेला आधार म्हणून त्यांनी उदार मनाने आपल्या शेडचा दुसरा खांब देऊ केला. समितीने त्यांचे आभार मानले. तो ठरावही माझ्याच अक्षरात आहे. शुक्रवारी दुपारी एकोणचाळीस घरांत दिवे लागले.

चाळिसावं घर मावशींचं. त्यांच्या हाती मंडळाचं पत्र पडलं होतं. त्यात त्यांचा उल्लेख ‘फॉल्टधारक’ असा होता. आपल्या दाराशी फॉल्ट का झाला याचा खुलासा त्यांनी सात दिवसांत सुनावणीला हजर राहून करावा, आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत त्यांना पर्यायी पुरवठा देता येणार नाही, असं त्यात म्हटलं होतं.

मावशी पत्र घेऊन माझ्याकडे आल्या. “मी खोदायला परवानगी दिली होती,” त्या म्हणाल्या. “फॉल्टला नव्हती दिली.”

“बघतो मी,” मी म्हणालो. माझ्या डोक्यावर पंखा फिरत होता.

पुढच्या दोन दिवसांत गल्लीला हळूहळू खरं कारण उमगत गेलं. दिवसभर मशीन चालवायचं म्हणजे केबल जळणारच, असं गुलाबवाले म्हणाले. परवानाबिरवाना आहे का त्यांच्याकडे, असं खोकल्यावाल्यांच्या सुनेने विचारलं. आमच्या हिने फक्त एवढंच विचारलं, की आपल्या मुलींचे गणवेश कधी होणार. मावशी मशीन खिडकीशी ओढून, उजव्या हाताने चाक फिरवत शिवत होत्या. कापड सरकवायला डावा हात एकटाच होता, त्यामुळे शिवण वाकडी जायची, मग उसवायची, मग पुन्हा. मी दोनदा तिथून गेलो. दुसऱ्यांदा पलीकडच्या फुटपाथवरून गेलो.

सुनावणीच्या आदल्या सकाळी कानवाला आला. त्या दिवशी गाडी नव्हती, हेडफोनही नव्हते. हातात, दोन्ही आकडे आणि शेडचा खांब असं सगळं लिहिलेला एक कागद होता. खाली एक सही त्याची स्वतःची होती. प्रत्यक्ष आवाज ऐकलेल्या आणखी एका माणसाची सही हवी होती. एकच.

“चाळीस घरांनी ऐकलंय,” तो म्हणाला. “एक सही मिळायला काय हरकत आहे?”

तो एक नंबरपासून निघाला. गुलाबवाल्यांना आवाज आला होता, पण तो आवाजच होता याची आता खात्री नव्हती. दुसऱ्या एकाने हेडफोन उलटे लावले होते. बाकीच्यांनी ‘ऐकलं नाही असं आम्ही कुठे म्हणतोय, पण लिहून कशाला द्यायचं?’ असं विचारलं. तासाभराने तो माझ्या दाराशी आला.

“चिटणीस, तुम्ही तर म्हणाला होतात, काय स्पष्ट आहे म्हणून.”

“म्हणालो होतो,” मी म्हणालो. “पण व्यक्ती म्हणून म्हणालो होतो. सही चिटणीस म्हणून होईल. आणि ऐकण्याबद्दल समितीचा ठराव झालेला नाही.”

तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. जमिनीवर उपकरण टेकवताना बघायचा तसा. मग कागदाची घडी घालून निघून गेला. सुनावणी एका सहीअभावी पुढे ढकलली गेली. कानवाल्याचं ऐकण्यातलं कौशल्य लक्षात घेऊन मंडळाने त्याची बदली तक्रारींच्या टेलिफोनवर केली.

शाळा उघडली. बासष्टपैकी चौतीस गणवेश झाले. आमच्या धाकटीचा झाला, थोरलीचा राहिला. मावशींचं घर अजून अंधारात आहे आणि कागद माझ्याकडे आहे. कानवाल्याने जाताना तो मावशींकडे ठेवला होता; त्यांनीच आणून दिला, “कोणी तयार झालंच तर” म्हणून. दुसऱ्या सहीची जागा कोरी आहे.

तुम्ही इथवर आलात, म्हणजे फॉल्ट कुठे आहे हे आता तुम्हालाही पक्कं ठाऊक आहे. हे घ्या पेन.

काय म्हणालात? तुम्ही नुसतं वाचत होतात? हरकत नाही, सबब चांगली आहे. इतिवृत्तात नोंदवून घेतो. फक्त तुमचा घर क्रमांक सांगा.