चार दुपारींचं बटण

"मोडकी वस्तू माझ्या हातात द्या. अशी दुरुस्त करून देईन, की मालकानंसुद्धा ओळखू नये!"

बाइंडर आयुष्यात एवढी एकच फुशारकी मारत असे, आणि तीही हळू आवाजात, खळीच्या भांड्याकडे बघत. एरवी माणूस इतका भिडस्त, की दुकानात गिऱ्हाईक शिरलं तर 'काय हवंय' असं विचारण्याऐवजी हा स्वतःच उठून बाहेर जातो की काय, असं वाटावं. वय अडुसष्ट, नाकावर चष्मा, बोटांना कायमची खळ. बांधायला आलेलं प्रत्येक पुस्तक तो आधी वाचून काढी. त्यामुळे कामाला उशीर होई, आणि उशिराबद्दल माफी कोणत्या शब्दांत मागावी याचा विचार करण्यात आणखी दोन दिवस जात. पण काम असं, की फाटलेलं पान कुठे जोडलंय ते भिंग लावून सापडू नये! आधीच्या माणसाची एकही खूण मागे उरता कामा नये, हा त्याच्या वडिलांनी घालून दिलेला नियम. पेन्सिलीच्या रेघा, चहाचे डाग, दुमडलेले कोपरे, सगळं साफ!

त्याची ही फुशारकी एके दिवशी तंतोतंत खरी ठरली. तिथूनच सगळा घोळ झाला.

सोमवारी सकाळी त्याची थोरली बहीण, अक्का, वर्तमानपत्र घेऊन दुकानात आली. दुकान पुढे, घर मागे. मधे एक पडदा. अक्काचा आवाज मात्र पडदा जुमानत नसे.

"बाळ्या, हे ऐक! संगीताच्या संग्रहालयात त्या गिटारवाल्या बाईंचं प्रदर्शन भरतंय. त्यांच्या पहिल्या तबकडीच्या वेष्टनावर जी लाल गिटार दिसते ना, ती म्हणे सापडत नाही. कोणाकडे असल्यास कळवावे." अक्कानं चष्म्यावरून कपाटाच्या माथ्याकडे पाहिलं. तिथे जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी बेचाळीस वर्षं पडून होतं. "आणि पुढे वाचू? मागल्या वर्षी कुणा वादकाची मोडकी गिटार तीन बंगल्यांच्या किमतीला गेली! तीन! आपल्या न्हाणीघराला एक बटण नाही धड!"

"ती विकायची नाही."

"मग काय लोणचं घालायचंय?"

"त्या प्रदर्शनाच्या बातमीची शेवटची ओळ वाच."

"कुठली? 'बाई रविवारी स्वतः येऊन वस्तू ओळखतील', ही?"

बाइंडरच्या हातातला ब्रश खळीत बुडाला, तो बुडालाच.

बेचाळीस वर्षांपूर्वी दुकानाच्या माडीवर चार पोरं गाणीबजावणी करत. त्यांतली गिटार वाजवणारी एकदा दुपारी खाली उतरली आणि म्हणाली, "आरी आहे का? गिटारीला भोक पाडायचंय." बाइंडर म्हणाला, "हो." मग ती कागदाच्या गठ्ठ्यावर बसली आणि भोक पाडू लागली. दुसऱ्या दुपारी तिनं मोडक्या सामानाच्या खणातून दिव्याचं एक काळं गोल बटण शोधून काढलं. "हे घेऊ?" "घ्या." तिसऱ्या दुपारी ते बटण भोकात बसवलं. स्क्रू कुठे आहेत विचारल्यावर तो म्हणाला, "तिथे." चौथ्या दुपारी तिनं गिटारीच्या पाठीवर अबरीची पट्टी चिकटवली, अबरी म्हणजे पुस्तकाच्या पुठ्ठ्याच्या आत लावतात तो रंगीत लहरींचा कागद. मग माडीवर कुणी फोटो काढायला आलं, तेव्हा ती वर गेली, आणि परत येऊन गिटार त्याच्या पुढ्यात ठेवत म्हणाली, "आम्ही दौऱ्यावर चाललोय. तिकडे नवी मिळणार आहे. मी परत येईन, तोवर ही सांभाळाल?"

"बरं."

चार दुपारींत चार शब्द. पाचवा बोलायचं त्याच्या मनात होतं. पाचवा म्हणजे खरं तर एक अख्खं वाक्य होतं: 'आणखी थोडं बसा ना.' गेली बेचाळीस वर्षं तो ते वाक्य तपासत होता. कधी 'ना' काढून पाही, कधी 'थोडं'च्या जागी 'थोडा वेळ' घालून पाही. पक्का मजकूर अजून ठरायचा होता.

अक्का त्याच दुपारी संग्रहालयात चिठ्ठी देऊन आली. 'शुक्रवारी आमचे तज्ज्ञ येतील,' असं उत्तर तिथल्या तिथे मिळालं. बाइंडरनं चादर सोडली आणि त्याला लाज वाटली. कुणाची अनामत वस्तू, आणि तिची ही दशा! रंग उडालेला, अंगठीच्या ओरखड्यांची जाळी झालेली, मधोमध ते ओबडधोबड भोक! हे असं परत द्यायचं?

तीन दिवस त्यानं दुकानाचं दार बंद ठेवलं. बटण काढलं. काढताना पाहतो, तर बटणाला वायरच नाही! आपल्याच हातून तुटली असणार! भोक लाकडाचा भुसा आणि सरस यांनी बुजवलं, घासलं, वर रंगाचे सात हात दिले. ओरखडे गेले, डाग गेले. अबरीची पट्टी वाफेवर अलगद सोडवली. ती टाकवेना, म्हणून वाचत होता त्या पुस्तकात खूण म्हणून ठेवली. गिटार अशी झाली, की तिच्यात बघून दाढी करावी!

"शाबास!" अक्का म्हणाली. "कालच दुकानातून आणल्यासारखी दिसतेय!"

शुक्रवारी आलेले तज्ज्ञही नेमकं तेच म्हणाले. पण त्यांचा सूर वेगळा होता.

हे गृहस्थ गळ्यात भिंग अडकवून आले होते. गिटार त्यांनी उलटी केली, सुलटी केली, मग खिशातून जुना फोटो काढून शेजारी ठेवला. "अहो, ही कालच दुकानातून आणलीत का?"

"नाही, मी... दुरुस्त केली."

"भोक कुठे आहे?"

"बुजवलं," बाइंडर म्हणाला. एवढा अभिमान त्याच्या आवाजात कधी उमटला नव्हता.

भिंगवाले खुर्चीत बसले. खुर्ची नव्हती, कागदाचा गठ्ठा होता, तरी बसले. "आजोबा, तुम्ही-आम्ही आपल्या गिटारीला भोक पाडलं, तर गिटारीची किंमत निम्मी होते. बाईंनी पाडलं, तर दसपट! लोक लाकडाला पैसे देत नाहीत हो, भोकाला देतात!"

"म्हणजे मी..."

"तुम्ही तिन्ही बंगले भुशानं बुजवलेत. अर्थात ही तीच असेल तर! या आठवड्यात मला लाल गिटार दाखवणारे तुम्ही अकरावे." उठताना त्यांना दया आली असावी. फोटोची एक प्रत ठेवून ते म्हणाले, "परवा घेऊन या. बाई काय ते सांगतील. पण आरसा घेऊन येऊ नका!"

पडद्यामागून अक्का म्हणाली, "बाळ्या, तू पुस्तकंच बांध."

पण बाइंडरच्या डोक्यात बंगले नव्हते. त्याला दिसत होती ती बाई, ही गुळगुळीत गिटार हातात घेऊन 'ही माझी नव्हे' म्हणणारी. मग ती सांभाळून ठेवणारा माणूस तरी तिच्या लेखी कोण ठरणार?

शनिवारी सकाळी तो बटण शोधू लागला. रद्दीच्या डब्यात नाही. खणात नाही. टेबलाखाली नाही.

"अक्का, ते काळं बटण पाहिलंस?"

न्हाणीघरातून उत्तर आलं, "दाराबाहेर बघ! परवा वायरमनकडून बसवून घेतलं. सहा महिने म्हणत होता, असलं जुनं बटण आता मिळत नाही, अख्खा बोर्ड बदला. आणि तू ते डब्यात टाकलं होतंस! काय लख्ख दिसतंय आत!"

न्हाणीघराला खिडकी नव्हती. अक्काच्या डोक्याला साबण होता. चार सज्जन माणसं थांबली असती. पण बेचाळीस वर्षं थांबलेल्या माणसाला पंधरा मिनिटं थांबवेना! त्यानं मेन स्विच बंद केला आणि बोर्डाचे स्क्रू फिरवायला घेतले.

"बाळ्या! वीज गेली का रे?"

"हो."

"कधी येईल?"

बाइंडरला खोटं बोलता येत नसे. "रविवारी," तो म्हणाला.

"रविवारी? वार सांगून जाणारी ही कुठली वीज? बाळ्या! तू काय करतोयस तिथे? बाळ्याऽऽ!"

बटण घेऊन तो दुकानात पळाला. आता भोक पाडायचं. पण कुठे? त्यानं बोट फिरवलं, उजेडात धरलं, स्वतःचं भिंग लावलं. भोक जिथे होतं ती जागा त्याची त्यालाच सापडेना! स्वतःच्या कसबाला त्यानं जन्मात पहिल्यांदा शिवी दिली, तीही सौम्य. फोटोवर पट्टी ठेवून त्यानं हिशेब मांडला आणि आरी लावली. बोटभर चुकलं. ते बुजवून दुसरं पाडलं. हे जमलं. बटण बसलं. अबरीची पट्टी पुस्तकातून काढून परत पाठीवर चिकटवली. (त्यामुळे कादंबरी कुठवर वाचली होती ते कळेना, आणि ती त्यानं पहिल्यापासून सुरू केली.) राहता राहिली तुटलेली वायर. माडीवरच्या पोरांनी मागे टाकलेलं गिटार-दुरुस्तीचं पुस्तक त्यानं तेव्हाच बांधून ठेवलं होतं आणि अर्थातच वाचलंही होतं. पान सत्तेचाळीस उघडून त्यानं नवी वायर आतल्या तारेला व्यवस्थित जोडली. बटण खाली केलं की आवाज चालू, वर केलं की बंद. चोख काम!

रविवारी संग्रहालयात अकरा माणसं अकरा लाल गिटारी घेऊन रांगेत बसली होती. प्रत्येकीला एक भोक, प्रत्येकीला एक बटण. एका उत्साही गृहस्थांनी तर तीन बसवली होती. बाइंडर सगळ्यांत शेवटी. शेजारी अक्का, केसांतला साबण अजून नीट न गेलेली.

बाई आल्या. केस पांढरे, हातात काठी. पण बसल्या तशाच, एक पाय खाली मुडपून, जणू खुर्ची नसून कागदाचा गठ्ठा आहे.

समोरच्या स्पीकरच्या पेटीला गिटार जोडायची, बाई एक तार छेडायच्या, बटण दाबायच्या आणि म्हणायच्या, "नाही." पुढची. तार, बटण. "नाही." भिंगवाले यादीवर काट मारत होते.

बाइंडर पुढे झाला. बाईंनी गिटार मांडीवर घेतली. पाठीवरच्या अबरीवरून त्यांचा अंगठा जरा रेंगाळला. त्यांनी तार छेडली, ती छान घुमली. त्यांनी बटण दाबलं. आवाज टपकन बंद.

"नाही," बाई म्हणाल्या. पण या वेळी जरा उशिरा.

मालकिणीनंसुद्धा ओळखली नाही! बाइंडरनं गिटार उचलली, मान खाली घातली आणि तो वळला. वाक्य घशातच राहिलं, 'ना'सकट.

"अहो बाई!" अक्का उभी राहिली. "या बटणापायी मी दोन दिवस अंधारात अंघोळ करतेय! नाही काय म्हणता? चांगलं चालू-बंद होतंय की!"

"तेच चुकलंय," बाई हसल्या. "माझ्या गिटारीचं बटण कशालाच जोडलेलं नव्हतं."

भिंगवाल्यांच्या हातातून भिंग सुटलं. "नव्हतं? आम्ही त्या बटणावर वीस पानांचा लेख छापलाय! मग ते बसवलंत कशाला?"

बाई काठीच्या मुठीकडे बघत राहिल्या. "खाली बाइंडिंगचं दुकान होतं. तिथे बसायला काहीतरी निमित्त हवं होतं. भोकाला एक दुपार, बटणाला दोन, कागदाला एक. त्याहून जास्त काम मला सुचेना, आणि तो तर बोलेचना."

बाइंडरच्या मनात बेचाळीस वर्षांचं वाक्य उभं राहिलं, आणि तोंडातून बाहेर पडलं ते हे: "वायर मी जोडली. मला वाटलं, माझ्याच हातून तुटली."

बाईंनी मान वर केली. त्याच्या चष्म्याकडे पाहिलं, मग बोटांकडे. बोटांना खळ होती.

"तुम्ही?" त्या म्हणाल्या.

"म्हणजे हीच ती गिटार!" भिंगवाले मधे पडले. "पण आता सगळंच नवं. नवा रंग, नवं भोक, नवी वायर... संग्रहालयाला काही घेता येणार नाही."

"नकाच घेऊ," बाई म्हणाल्या. "ती यांच्याकडेच राहू दे. वायर मी येऊन काढीन." बाइंडरकडे वळून त्यांनी विचारलं, "किती वेळ लागेल?"

"चार दुपारी," बाइंडर म्हणाला. आणि आपण बोललो हे ऐकून दचकला. "तरी."

बाई हसल्या. बाहेर मोटार थांबली होती, कुणीतरी त्यांची शाल सावरत होतं, कुणी घड्याळ दाखवत होतं. दारातून त्या म्हणाल्या, "बुधवारी येते!"

"बरं," बाइंडर म्हणाला.

घरी परतताना तो जमिनीपासून वीतभर वरून चालत होता. अर्ध्या रस्त्यात अक्का थबकली.

"बाळ्या, कोणत्या बुधवारी?"

बाइंडरही थबकला.

त्यानंतर बरेच बुधवार गेले. दर बुधवारी दुपारी तो कागदाचा एक गठ्ठा झटकून खिडकीपाशी ठेवतो, शेजारी स्क्रू, शेजारी आरी. वाक्यातला 'ना' आता पक्का ठेवलाय. बटण गिटारीतच आहे. न्हाणीघराला परत द्यायला तो तयार नाही. बाई आल्या आणि बटण जागेवर नसलं, तर त्या काढणार काय?

"बाळ्या," अंधारातून अक्काचा आवाज येतो, "आल्या का रे?"

"नाही अजून."

"मग दाराशी विजेरी तरी ठेव!"