मागची गाडी

धावायला शिकवणी कशाला लागते, असं मी एका सकाळी चहा गाळता गाळता म्हणून गेले. एवढंच. बाकीचं सगळं त्या वाक्याच्या मागून आलं.

पेपरात दहा किलोमीटरच्या शर्यतीची जाहिरात होती आणि खाली लिहिलं होतं, ‘तज्ज्ञांचं मार्गदर्शन मिळेल.’ मला तज्ज्ञांचं वावडं आहे. शिवणकाम मी जुने कपडे उसवून शिकले, सायकल पडून शिकले, इंग्रजी औषधांच्या बाटल्यांवरून शिकले (त्यामुळे ‘जेवणानंतर’ आणि ‘हलवून घ्या’ हे मला उत्तम येतं, बाकी जेमतेम). तेव्हा कोंबडीलाही येणाऱ्या गोष्टीसाठी मी कुणाच्या शिट्टीवर नाचणार नव्हते.

“या वयात?” पेपरामागून हे म्हणाले. हे म्हणजे आमचे यजमान. निवृत्त होईपर्यंत ऑफिसात बसून होते, आता घरी बसून आहेत.

“तुमच्यापुढे नक्की येईन.”

“मी कुठे धावतोय?”

“आता धावताय.”

पैज लागली. जो मागे राहील त्याने रोज सकाळी उठून चहा करायचा, कायमचा. लग्न झाल्यापासून तो मीच करत आलेय. आयुष्यात सगळं माझं मी शिकले, पण अंथरुणात आयता चहा ही काही आपली आपण करण्याची गोष्ट नव्हे. ह्यांना शब्द फिरवायची सवय, म्हणून मी अट घातली, “मशीन सांगेल तोच निकाल. तोंडाने कुणी काही बोलायचं नाही.”

“बरं,” हे म्हणाले. इतक्या चटकन ‘बरं’ म्हणाले तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

सराव मी माझ्या पद्धतीने केला. सूनबाई हाडांच्या दवाखान्यात लोकांना व्यायाम शिकवते. ती म्हणाली, “आई, आधी थोडे दिवस चाला, मग धावा.” मी तिला सांगितलं की चालणं मला एक वर्षाची असल्यापासून येतं. आठवड्याभरात माझी टाच एवढी सुजली की चपलेत मावेना. (सूज हे पाय मजबूत होत असल्याचं लक्षण आहे, असा माझा तेव्हाचा सिद्धांत होता.) हे मात्र खिडकीत बसून माझा सराव बघत. तोच त्यांचा सराव.

शर्यतीच्या सकाळी प्रत्येकाला एक चिप मिळाली. ती बुटाच्या नाडीत ओवायची, म्हणजे रेषेवरच्या पट्टीवर पाय पडला की मशीन वाजतं आणि आपली वेळ लागते. ह्यांना वाकवत नाही, म्हणून ह्यांची चिप मीच बांधली. माझी गाठ कात्रीशिवाय सुटत नाही, अशी माझ्या शिवणकामाच्या गिऱ्हाइकांत ख्याती आहे.

पहिल्या वळणापर्यंत मी तरण्या पोरींच्या बरोबरीने पळाले. दुसऱ्या वळणावर माझा श्वास मागे राहिला आणि मी त्याची वाट बघत चालू लागले. मागे वळून बघते तर हे मागच्या गाडीत चढत होते. दमलेल्यांना उचलायला सगळ्यांच्या शेवटी एक गाडी येते, ती ही. मला समाधान वाटलं. चहा जिंकला होता, आता फक्त पोचायचं होतं.

मग एकेक करून सगळे माझ्यापुढे गेले. मी शेवटची झाले, आणि शेवटच्या माणसाला ओलांडायचं नाही असा त्या गाडीला नियम. त्यामुळे उरलेला सगळा रस्ता माझा नवरा माझ्या पाठीमागे, खिडकीत कोपर टेकून, केळं खात आला.

“डावीकडे खड्डा आहे.”

“दिसतोय मला.”

“ड्रायव्हर विचारतायत, बसतेस का?”

“त्यांना तोंड नाही?”

“आहे, पण त्यात केळं आहे.”

केळं गिळून ड्रायव्हर म्हणाला, “आजी, जरा उचला पाय. याहून हळू गाडी चालत नाही, बंद पडते.” आणि ती खरंच दोनदा बंद पडली. गाडीत बसणाऱ्याने चिप परत द्यायची असते, म्हणून गाडी बंद पडली तेवढ्यात त्याने ह्यांच्या नाडीशी बरीच झटापट केली. “कुणी मारली हो ही गाठ?”

“मी,” मी मागे न बघता सांगितलं. त्याने नाद सोडला.

शेवटची कमान दिसली तेव्हा तिच्यातली हवा काढत होते. एक माणूस मशीनच्या वायरी गुंडाळायला बसला होता. मशीन बंद म्हणजे निकाल नाही, निकाल नाही म्हणजे चहा पुन्हा माझ्याच गळ्यात.

“गाडी पुढे घ्या,” मी ओरडले. “थांबवा त्याला.”

“आजी, नियम आहे...”

“नियमाचं मी बघते. आणि अहो, तुम्ही उतरा, पळा, तो मशीनवाला धरा.”

अख्ख्या संसारात ह्यांनी माझं इतक्या तत्परतेने कधी ऐकलं नव्हतं. गाडी पुढे गेली, हे उतरले, हात वर करून धावले आणि त्यांनी त्या माणसाचं मनगट धरलं. मशीन वाजलं. बऱ्याच वेळाने मी पोचले. कमान माझ्या डोक्यावर बसली. मशीन पुन्हा वाजलं.

सूनबाईने फोनवर निकाल वाचला. “आई, तुम्ही शेवटच्या. बाबा तुमच्या एक नंबर पुढे.”

“अगं, हे गाडीत बसले होते. अहो, सांगा ना तिला.”

हे उरलेलं केळं सोलू लागले.

“आता का दातखीळ बसली?”

“तोंडाने कुणी काही बोलायचं नाही असं ठरलंय,” हे म्हणाले.

त्या दिवशी हे वीसेक पावलंच धावले असतील, पण धावले ते नेमक्या जागी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले. हे पलंगावर टेकून बसले होते, एका पायात अजून बूट. रात्री तो आम्हा तिघांनाही काढता आला नव्हता. माझ्या एका हातात कप, दुसऱ्या हातात कात्री.

“आधी चहा दे,” हे म्हणाले. एक घोट घेतला, पाय पुढे केला. मी माझी गाठ माझ्याच कात्रीने कापली.

“पुढच्या वर्षीही गाठ तूच मार,” हे म्हणाले.