गायधनी काकांचं नत्र

"या मुलीत नत्र कमी आहे," गायधनी काका शेखभाभींना सांगत होते. "बघा ना, कशी पिवळी पडलीये."

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर लिफ्टची वाट बघत उभी होते. आवाज कमी करणं काकांना ठाऊक नाही. मी नेहमीप्रमाणे मोबाइलमध्ये तोंड खुपसलं आणि घरी पोहोचल्यावर 'नत्र' म्हणजे काय ते शोधलं. नायट्रोजन. इंग्लिश मीडियममध्ये शिकल्याचा एवढा फायदा, की आपला अपमान झालाय हे दोन मजले उशिरा कळतं.

गायधनी काका आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत तळमजल्यावर एकटे राहतात. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी पिंपळगाव बसवंतच्या द्राक्षवाल्यांना खतं विकण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर, ज्या उत्साहाने युरिया विकला त्याच उत्साहाने ते युरियाविरुद्ध बोलू लागले. माल बदलला, सेल्समन तोच राहिला.

सोसायटीच्या मागे थोडी झाडी आहे. करंज, शिरीष, पळस, कोपऱ्यात ऐन. आम्ही तिला 'मागची झाडं' म्हणतो. काका 'जंगल' म्हणतात आणि पाहुण्यांना दाखवायला नेतात. अर्थात दुसऱ्यांच्या पाहुण्यांना. त्यांच्याकडे कुणी येत नाही.

जंगलात झाडू मारायला बंदी आहे. "पान पडलं, कुजलं, बुरशीने खाल्लं, नत्र परत मुळाशी गेलं. शिवाय करंज, शिरीष हवेतलं नत्र मुळांच्या गाठींत साठवतात. सगळं घरचं जेवण! बाहेरून डबा कशाला?" एवढं बोलून ते पानांखालची मूठभर माती उचलतात आणि समोरच्याच्या नाकाखाली धरतात. "हुंगा." हुंगल्याशिवाय सुटका नाही. मी एका कुरियरवाल्याला, काखेत पार्सल धरून, डोळे मिटून हुंगताना पाहिलं आहे.

त्यांचं मोठं युद्ध कुत्र्यांशी. रोज संध्याकाळी ते छत्री घेऊन जंगलाच्या तोंडाशी उभे राहतात, कारण कुत्र्याच्या मुतात नत्र असतं.

"भाभी, तुमचा मोती रोज त्याच शिरीषाला डोस देतोय!"

"अहो काका, कुत्ता है, खत की दुकान नहीं!"

"तेच म्हणतोय मी. दुकानदार निदान मोजून देतो."

माणसांनाही काका झाडांच्याच मापाने मोजतात. कुणी सुस्त दिसलं की नत्र कमी. कुणी फार मिरवायला लागलं की नत्र जास्त. आमचे चेअरमन देवरे अण्णा सटाण्याचे. तिकडे त्यांची कांद्याची शेती आहे. त्यांच्या मुलाला तीन क्लास आणि घरी येणारे एक सर आहेत. काका भर मीटिंगमध्ये म्हणाले, "अण्णा, पोराला नत्र जास्त होतंय. नुसता पाला येईल, फळ नाही."

सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. पुढच्याच आठवड्यात त्यांना मागची झाडं अचानक उपाशी दिसायला लागली. सोसायटीच्या ग्रुपवर त्यांनी पिवळ्या पानांचा फोटो टाकला, आणि रविवारी सटाण्याहून युरिया आणि कोंबडीखत येणार असल्याचं जाहीर केलं. कांद्याला चालतं ते झाडांना का नाही? खाली अंगठ्यांची रांग लागली. काकांनी उत्तरादाखल इतका लांब मेसेज लिहिला की तो कुणीच उघडला नाही. मी उघडला. जास्तीच्या नत्रावर गवत आणि घाणेरीची झुडपं माजतात, मातीतली बुरशी मरते, उरलेलं पावसाबरोबर खाली आपल्या बोअरच्या पाण्यात उतरतं, असं त्यात होतं. शाळेत हे मी पाठ केलं होतं: नायट्रोजन सायकलची बाण काढलेली आकृती, एक वीज, एक गाय. त्या आकृतीत आमची बोअर नव्हती.

रविवारी सकाळी टेम्पो आला तेव्हा काका झाडांच्या वाटेवर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले होते. मांडीवर छत्री. अर्धी सोसायटी गॅलऱ्यांत, उरलेली खाली. मी खाली होते, पण खांबामागे.

"काका, सरका," अण्णा म्हणाले. काका सरकेनात. चिडले की अण्णा अहिराणीत जातात. "घरनाच माल शे! तुमले काय तरास?" मग आमच्याकडे वळून शुद्ध मराठीत, "जन्मभर यांनीच युरिया विकला, आणि आता आम्हाला शिकवतात!"

पुन्हा सगळे हसले. मी वाट पाहत होते, आता व्याख्यान सुरू होईल, मूठभर माती निघेल. काका छत्रीची मूठ चोळत राहिले.

"विकला," ते म्हणाले. आवाज इतका हळू की गॅलरीतली माणसं पुढे वाकली. "घरीही घातला. जुन्या घराच्या दारात कदंब होता. दर रविवारी मूठभर द्यायचो. गल्लीत सगळ्यात उंच झाला. लोक बघायला यायचे. मग वळवाच्या वाऱ्यात आडवा झाला. मुळं पसरलीच नव्हती हो त्याची. सगळं वरच मिळत होतं, खाली कशाला जाईल?"

काकांनी छत्री एका मांडीवरून दुसरीवर घेतली.

"आमची ही त्याच्या सावलीत भाजी निवडायची. झाड पडल्यावर ती कधी अंगणात बसली नाही. मी म्हणायचो, दुसरं लावू. ती म्हणायची, तुम्ही नका लावू." काका थोडं हसले. "ती जाईपर्यंत आम्ही दार लावूनच बसायचो."

अण्णांनी खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं, पुन्हा ठेवला. मागे फिरायचं कसं, ते त्यांना सुचत नव्हतं. ते आमच्या चेहऱ्यांकडे बघायला लागले. ज्यांनी अंगठे दिले होते ते आता चपला बघत होते. शेखभाभींनी मोतीला कडेवर घेतलं.

टेम्पोवाल्याला अजून दोन खेपा करायच्या होत्या. त्याने टेम्पोचा मागचा फाळका पाडला, पहिलं पोतं कडेला ओढलं आणि वैतागून विचारलं, "कुठं उतरवू, सांगा ना कुणीतरी!"

मी खांबामागून बाहेर आले. आवाज चिरका निघाला, पण निघाला.

"उतरवू नका."